राइट बॅकच्या गुडघ्यासाठी नऊ महिने : संघाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या आपल्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या राइट बॅकवर, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूवर, मिरजेत गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आज १२ दिवस झाले. वय १६, यंदा अकरावी, घर हरिपुरात. मुलगी अल्पवयीन आहे, म्हणून नाव आणि फोटो मुद्दाम दिलेला नाही. शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांनी आणि पाहुण्यारावळ्यांनी मिळून भागवला. हे आवाहन त्यापुढच्या नऊ महिन्यांसाठी आहे, कारण पायावर नीट उभे राहायचे की जन्मभर लंगडायचे, हे आता ठरणार आहे.

उन्हाळ्यात मैदानाची काळी माती वाळून भेगाळली होती. धावताना एकदम वळताना तिच्या बुटाच्या तळाचे खिळे (स्टड) भेगेत अडकले, पाऊल जागीच राहिले आणि मांडी फिरली. कोणाचा धक्का नाही की टॅकल नाही. आतून कट्‌कन आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारे लिगामेंट, बहुतेक वेळा असेच धक्क्याविना तुटते. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या दोन-तीन पट आहे. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे, की इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे आत रक्त साचलेले असते. अशा गुडघ्याला मालिश करू नका, कोणाकडून ओढून ‘बसवून’ घेऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा, पाय उंचावर ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

तुटलेले एसीएल सहसा आपले आपण जुळत नाही. त्यामुळे तिच्याच मांडीच्या मागची कंडरा काढून त्या जागी बसवली आहे. या नव्या कंडरेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर तिला हळूहळू आपलीशी करते आणि त्या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ती सर्वांत कच्ची असते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते, कुबड्या सुटलेल्या असतात आणि मुलीला वाटते आपण बऱ्या झालो. घात होतो तो इथे. म्हणून या दिवसांत फिजिओची एकही फेरी चुकता कामा नये.

आता पैशाचे. पुढचे १२ आठवडे आठवड्याला तीन, म्हणजे ३६ फेऱ्या. मिरजेतल्या फिजिओची फी ३०० रुपये आणि हरिपूर-मिरज रिक्षा जाऊन-येऊन थांबून ५०० रुपये, म्हणजे एका फेरीला ८०० रुपये आणि एकूण २८,८०० रुपये. त्यानंतर २४ आठवडे आठवड्याला एकदा. तेव्हा ती बसने जाईल, म्हणून फक्त फी, ७,२०० रुपये. सगळे मिळून ३६,००० रुपये. ज्यांना जमेल त्यांनी एक फेरी उचलावी, दोघा-तिघांनी मिळून उचलली तरी चालेल. ‘दुचाकीवरून सोडतो की’ असे अनेकांनी प्रेमाने म्हटले, पण सध्या ते नको. मागच्या सीटवर गुडघा वाकलेला आणि लोंबकळता राहतो, आणि गाडी कलली की माणूस आधी पाय टेकवतो. स्वतःची चारचाकी घेऊन एखादा वार कोणी पक्का केला, तर मात्र रिक्षाचे ५०० रुपये वाचतील.

वस्तूही हव्यात, वापरून परत करण्याच्या बोलीवर. सगळ्यात आधी कमोडची खुर्ची. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय आहे आणि एवढे खोल बसणे अजून काही महिने तिला वर्ज्य आहे. सध्या प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून भागवले आहे, पण त्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर सरकतात. कुबड्या आहेत, पण खालची रबरी टोपणे झिजली आहेत, त्यांच्या दोन जोड्या लागतील. पाचव्या-सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली की जागेवर चालवायची व्यायामाची सायकल लागेल. अनेक घरांत ती कपडे वाळत घालायला उभी असते, तीन महिन्यांसाठी द्या. ताणायचे रबरी पट्टे दोन, हलका आणि मध्यम.

संघातल्या मुलींनी रोज संध्याकाळी एकीने जायची पाळी लावली आहे. तिथे काय करायचे, हे नीट समजून घ्या. पहिल्या आठवड्यांत गुडघा वाकवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो पूर्ण सरळ होणे महत्त्वाचे आहे. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली काही नाही, आणि दहा मिनिटे पाय तसाच सोडायचा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, घरचे मायेने देतातही, पण त्याने गुडघा किंचित वाकलेला राहून आखडतो आणि पुढे चाल लंगडी होते. दुसरे, सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे, पाच मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा. मोजायला सोबत कोणी असले की दहाचे दहा होतात, एकटीला पाचवरच कंटाळा येतो. दर रविवारी वाटीपासून १० सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून वहीत लिहायचा. पोटरी दुखून सुजली किंवा ताप आला, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

एक विनंती पावसाळ्यासाठी. हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना कुबड्या घेऊन बोटीत चढणे म्हणजे काय, हे सांगायला नको. पाणी ४० फुटांकडे सरकू लागले की तिला आणि आईला लगेच हलवायचे ठरले आहे. त्यासाठी विश्रामबाग किंवा मिरजेच्या बाजूला, तळमजल्यावर, कमोड असलेली एक खोली कोणी दोन आठवड्यांसाठी देऊ शकेल का?

‘कधी खेळणार?’ असे तिला विचारू नका. कॅलेंडरचे नऊ महिने पुरे झाले तरी चाचणी पास व्हावी लागेल. दोन्ही पायांची ताकद मोजली जाईल आणि एका पायावरची उडी पाहिली जाईल. चांगल्या पायाची उडी १२० सेंटिमीटर असेल, तर दुसऱ्याची निदान १०८ हवी. मैदानावर परतलेल्या तरुण खेळाडूंपैकी जवळपास चौघांत एकाचे एसीएल त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा तुटते. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवावे तितका हा धोका घटतो, एका अभ्यासात तर दर महिन्याला निम्म्याने घटलेला दिसला. स्पर्धा तोंडावर आहे म्हणून संघ तिला घाई करणार नाही, हा शब्द आम्ही तिच्या आईला दिला आहे.

बाकीच्या मुलींसाठी सरावाआधी ‘फिफा ११ प्लस’ या दुखापत टाळणाऱ्या व्यायामांची २० मिनिटे सक्तीची केली आहेत. पाऊस संपला की मैदानासाठी आठवड्याला दोन टँकर पाणी आणि एक रोलर लागेल, माती ओलसर राहिली तर भेगा पडत नाहीत. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-टँकर आहे, त्यांनी दिवाळीनंतरचे वार आत्ताच सांगावेत.

देणगी फक्त क्लबच्या बँक खात्यात द्यावी. क्यूआर कोड मैदानाच्या फाटकावरच्या फलकावर आहे. रोख द्यायची असल्यास संध्याकाळी ६ ते ७ मध्ये खजिनदारांकडून पावती घेऊनच द्यावी. फोन करून पैसे मागण्यासाठी आम्ही कोणालाही नेमलेले नाही. या देणगीवर आयकरात सवलत मिळणार नाही. जमा-खर्च दर महिन्याच्या १ तारखेला त्याच फलकावर लागेल. ३६,००० रुपये पूर्ण झाले की क्यूआर काढून टाकू. काही उरले, तर त्यातून मैदानावर बर्फाची पेटी आणि प्रथमोपचाराचे साहित्य घेतले जाईल.

कमोडची खुर्ची मात्र या आठवड्यातच हवी आहे.

कार्यकारिणी आणि मुलींचा संघ, सांगली