मंत्री महोदय, पावणेनऊ तास लागले

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

यंदाच्या पहिल्या श्रावणी सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा मित्र मार्लेश्वराच्या, म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या डोंगरात गुहेत असलेल्या शंकराच्या देवळाच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. हाडांचा डॉक्टर त्याला भेटला संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, तोही कोल्हापुरात. मधल्या पावणेनऊ तासांबद्दल हे पत्र आहे.

पडण्याबद्दल माझी तक्रार नाही. श्रावणात सह्याद्रीच्या कुशीतली पायरी निसरडी असणारच. पाचशेच्या वर पायऱ्या, त्यात आम्ही अनवाणी आणि वयं पन्नाशीच्या पुढची. पडणं आमचं, तो दोष आमचा. त्यानंतरचं सगळं मात्र तुमच्या खात्याचं आहे.

आम्ही आठ जण रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे, एकाच वर्गातले. दोघं रेल्वेत, एक शिक्षक, एकाचं वाणसामानाचं दुकान, मी एका पतसंस्थेत कारकून आणि बाकीचे तिघं बोटीवर. बोटीवाल्यांना सवड असते ती नारळी पौर्णिमेच्या आधीच, होड्या शाकारलेल्या असतात तोवर. म्हणून पहिला सोमवार ठरलेला, गेली बावीस वर्षं. देवरूख सोडलं, मारळच्या रस्त्याला लागलं की गाडीतली बडबड आपोआप थांबते. पायऱ्या चढताना धारेश्वराचा धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. गुहेच्या तोंडाशी वाकून आत शिरायचं. आत विजेचा दिवा नाही, समईचा उजेड तेवढा. कपारीत साप असतात, पण त्यांनी कुणाला काही केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. त्या उजेडात दोन मिनिटं उभं राहिलं की वर्षभर पुरतं. बाहेरगावचे लोक विचारतात, एवढं काय आहे तिथे? मला सांगता येत नाही.

उतरताना तो घसरला. पाय भलत्याच दिशेला वळलेला बघून आम्ही साडेदहाला रुग्णवाहिकेला फोन केला. ती एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. दुसरी कधी येईल ते कुणी सांगू शकेना. स्ट्रेचर कुठेच नव्हतं. शेवटी पायथ्याच्या दुकानातला एक मुलगा बांबू आणि त्याच्या आजोबांची घोंगडी घेऊन धावत वर आला. त्या झोळीत घालून आम्ही त्याला खाली आणलं. पुढचा खांदा माझा होता. दर पायरीला तो ओरडत होता, आणि मधेच ओरडायचा थांबला तेव्हा माझ्या पायातलं बळच गेलं. खाली पोचायला पावणेबारा झाले. माझा खांदा अजून वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पण त्याचं सोडा.

रुग्णवाहिकेची अर्धा तास वाट बघून आम्ही त्याला आमच्याच ट्रॅक्सच्या मागच्या सीटवर आडवा केला. पहिल्या सरकारी दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं, वर कापड घातलेलं. मशीन चालवणारा माणूस आठवड्यातले ठरावीक दिवसच येतो म्हणाले, आणि सोमवार त्यातला नव्हता. डॉक्टर होती एक लहानशी मुलगी, एकटीच. बाहेर साठेक पेशंट बसलेले. तिने सुई दिली, सलाईन लावलं, खोक्याचा पुठ्ठा कापून पायाला बांधला आणि चिठ्ठी लिहिताना दोनदा सॉरी म्हणाली. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे निघाला, पण हाडांचे डॉक्टर रजेवर आणि त्यांच्या जागी कुणी नाही. तिथून दुसरी चिठ्ठी कोल्हापूरची.

संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न लागतं, तेव्हा गिरिजादेवीची पालखी साखरप्याहून येते. त्याच साखरप्यावरून आम्ही उलटे आंबा घाटाला लागलो. पावसात, धुक्यात, दर वळणाला त्याचा पाय धरून.

महोदय, आमच्या गावच्या सभेत तुम्हीच सांगितलं होतं की यापुढे कोकणातल्या माणसाला उपचारासाठी घाट चढावा लागणार नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. मनापासून वाजवल्या होत्या, कारण माझे वडील याच घाटात गेले. २००९ सालची गोष्ट. रात्री छातीत दुखायला लागलं, इथे दोन ठिकाणी नकार मिळाला, म्हणून भाड्याची गाडी करून निघालो. घाट अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी माझा हात सोडला. ड्रायव्हरने विचारलं, पुढे जायचं की मागे फिरायचं? या प्रश्नाला मी तिथे काय उत्तर दिलं ते आजपर्यंत आईलाही सांगितलेलं नाही. यंदा त्याच वळणावर माझा मित्र पाणी मागत होता आणि डॉक्टरांनी काही द्यायचं नाही म्हणून बजावलेलं.

डोंगरी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ऐंशी हजारांना एक ग्रामीण रुग्णालय, असा सरकारचाच नियम आहे. इमारती उभ्याही राहतात, कोनशिला बसतात. आत माणसं कोण भरणार? धनगरवाड्यांवरच्या बाया आजही झोळीतूनच खाली येतात. त्यांच्यासाठी तर वर्षाचे सगळेच दिवस असे. आम्ही देवाला गेलो होतो, त्या घरी राहतात.

आणि रस्ता! मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीच्या आसपास पोचली. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची पायाभरणी २०१८ ला झाली आणि २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुलाही झाला. नागपूरच्या माणसाचं भलं होवो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण आम्ही काय कमी मतं दिली? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समुद्र दाखवतात, डोंगर दाखवतात. डोंगरावर पाय मोडला तर काय करायचं ते कुठल्याच फलकावर नाही. २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसं मेली, आयोग बसला, अहवाल आला. वीस वर्षांनी आमच्या डोंगराच्या पायथ्याला साधं स्ट्रेचर नसावं?

माझा मित्र बोटीवर खलाशी आहे. त्याच्या मांडीत सळई घातली आहे. खर्च एक लाख साठ हजार, त्यातले नव्वद आम्ही सात जणांनी काढले, बाकी त्याच्या बायकोच्या बांगड्या. नारळी पौर्णिमेला गावाने समुद्राला नारळ वाहिला, होड्या सुटल्या. तो पलंगावर पडून बंदरावरचा आवाज ऐकत होता. हंगाम गेला. पुढच्याही वर्षी हलत्या बोटीवर उभं राहता येईल असं डॉक्टर खात्रीने म्हणत नाहीत.

मागणं फार नाही. मार्लेश्वराच्या पायथ्याला दोन स्ट्रेचर. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि संक्रांत, एवढे दिवस तिथे उभी रुग्णवाहिका. त्या मशीनला रोजचा माणूस, आणि हाडांचा डॉक्टर रजेवर गेला तर दुसरा. तुमच्या एका सभेच्या मांडवाला जो पैसा लागतो त्यात स्ट्रेचर येतील, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर आकडे जाहीर करा.

ती घोंगडी अजून आमच्याकडेच आहे. रक्ताचा डाग पूर्ण निघाला नाही, म्हणून सोबत एक नवी घेतली आहे. संक्रांतीला लग्नाला जाऊ तेव्हा त्या आजोबांना दोन्ही द्यायच्या आहेत. त्या दिवशी पायथ्याला गाडी उभी आहे का, ते मी बघणार आहे.

आपला,
रत्नागिरी तालुक्यातला एक मतदार