श्रेय चाकाला, काम साच्याचं

संपादक महोदय,

‘कुंभाराचं चाक आलं, उत्पादन वाढलं आणि त्यातून नगरं, राज्यं उभी राहिली’ हे विधान प्राचीन इतिहासावरच्या लेखनात वारंवार वाचायला मिळतं. खापरं मात्र वेगळंच सांगतात. चीनमधल्या शियानरेन गुहेतली मडकी सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्याही आधीची; मडकी होती, पण नगरं नव्हती. उलट दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याने चाक न वापरताच ठरावीक घाटाची भांडी मुलूखभर पोहोचवली.

दक्षिण इराकमधल्या उरुकचं उदाहरण सर्वांत बोलकं. इ.स.पू. चौथ्या सहस्रकात शहर वाढत गेलं, तशी आधीच्या उबैद संस्कृतीची नक्षीदार भांडी मागे पडली आणि तिरप्या काठाचा एक ओबडधोबड वाडगा ढिगांनी सापडू लागला. भुसा कालवलेली माती साच्यात दाबायची, काठ तिरका करायचा, वाळवून मंद आचेवर भाजायचा. चाकाचा संबंधच नाही. भुशामुळे जाड भिंत वाळताना तडकत नाही, पण भाजताना तो जळून जातो, छिद्रं राहतात आणि पातळ पदार्थ झिरपतो. हा वाडगा मजुरांच्या शिध्याचा, असं पुरातत्त्वज्ञ हान्स निसेन यांचं मत. पुढे मोजमापं घेतली तर वाडग्यांच्या मापात बरीच तफावत निघाली; ठरावीक शिधा मोजायला असं भांडं कसं चालेल? त्यामुळे तो पाव भाजण्याचा साचा असावा, हे मत आम्हाला जास्त पटतं. काही मानलं तरी पुष्कळ तोंडांना रोज खायला घालणारी व्यवस्था त्यामागे आहेच. तिथल्या आरंभीच्या लिपीत ‘खाणे’ची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि शेजारी वाडगा!

दुसरा घोटाळा भांड्यांवरच्या आडव्या रेषांचा. त्या दिसल्या की ‘चाकावर घडवलेलं’ अशी नोंद होते. पण मातीच्या वळ्या एकावर एक रचून उभं केलेलं भांडं शेवटी फिरवून साफ केलं तरी तशाच रेषा उमटतात. म्हणून खापराची तुटलेली कड पाहावी. वळ्यांचं भांडं सांध्यावर आडवं फुटतं, भिंत जाड-बारीक लागते. एक्स-रेत त्यातल्या पोकळ्या आडव्या दिसतात. चाकावर ओढलेल्या भांड्यात त्या तिरक्या वर चढतात.

आणि धंदेवाईक कुंभारच शोधायचे असतील, तर चांगल्या भांड्यांपेक्षा आव्याशेजारचा, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीजवळचा, कचरा उपसावा. जास्त आचेने फुगलेली, वाकलेली, एकमेकांना चिकटलेली एकाच घाटाची भांडी थरावर थर साचली असतील, तर तिथे घरापुरतं मातीकाम चालत नव्हतं.

– प्राचीन मृद्भांड्यांचे काही अभ्यासक