दोष मोठ्या बॅटरीचा नव्हता

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

गाडीचं दुखणं फोनवर सांगून तुला काही उमगेना, म्हणून लिहितेच सविस्तर. साध्या गाड्यांचं वायरिंग तुला तोंडपाठ आहे. माझी हायब्रीड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. तिच्यात जे वेगळं तेवढंच सांगते.

लक्षणं अशी. चालू करताना कधी इशाऱ्याचे सगळे दिवे एकदम पेटायचे, तर कधी मीटरमध्ये मिट्ट काळोख. वेग नाही, इंधन नाही, गाडी मात्र मजेत धावायची. कहर म्हणजे मीटर गेलेलं असलं की बटण दाबूनही गाडी बंद व्हायची नाही. इथल्या मेकॅनिकने स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्रसुद्धा न लावता "मोठी बॅटरी गेली" असं ठोकून दिलं. तुला माहीत आहे, असल्या निदानावर माझा विश्वास बसत नाही.

या गाडीत बॅटऱ्या दोन. एक मोठी, २०० व्होल्टच्या आसपासची, चाकं ओढणारी. दुसरी आपली नेहमीची १२ व्होल्टची. दिवे, कुलपं, मीटर, सगळे संगणक तिच्यावर. गंमत म्हणजे इंजिन फिरवायला ही छोटी लागतच नाही, ते काम मोठीच्या जोरावर मोटर करते. त्यामुळे साध्या गाडीत बॅटरी उतरली की स्टार्टर जसा रडत फिरतो, तसा आवाज इथे कधी येणारच नाही. छोटी अर्धमेली झाली की संगणक धड जागे होत नाहीत आणि वाटेल ते दिवे लावतात. जुन्या हायब्रीडमधली निम्मी भुताटकी इथलीच, असं माझं स्पष्ट मत झालंय.

म्हणून आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीत, डिकीतल्या बॅटरीवर ११.९ व्होल्ट, निरोगी बॅटरी १२.६ दाखवते. हेडलाइट लावले तर आकडा ११ च्याही खाली. मग गाडी 'रेडी', म्हणजे निघायला तयार केली, लगेच १४. इथे अल्टरनेटर नसतो. कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज उतरवून छोटीला चार्ज करतो. १४ आले म्हणजे तो शाबूत. छोटी बदलली, पण बंद प्रकारची, गॅस बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच घेतली, कारण ती बसते डिकीत आणि डिकी प्रवाशांच्या जागेला आतून खुलीच. बॅटरीच्या अर्थिंगच्या पट्टीच्या टोकाला हिरवट गंज होता, तो खरवडून नट आवळला.

दिव्यांचा गोंधळ थांबला, मीटरचा काळोख काही हटेना. म्हणजे दुखणी दोन होती. स्कॅनर जोडून फोनवर पाहिलं तर वेग, इंजिनाचे फेरे सगळं येत होतं, मोठ्या बॅटरीच्या बिघाडाचा एकही कोड नाही. गाडीला सगळं कळत होतं, दाखवणारं मीटरच बिघडलं होतं. गाडी थांबल्याची खबर त्याच्याकडूनच पुढे जाते, म्हणून बंद होण्याचाही घोळ.

फ्यूज ठीक निघाले, तेव्हा मीटर उतरवलं. बोर्डवर वीज येते त्या बाजूला एक इवलासा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग असतो, वर्षानुवर्षं उष्णतेने आतून सुकतो. माझ्या बोर्डवरच्याचं डोकं फुगलेलंही नव्हतं, नुसतं बघून कळलंच नसतं. मोजला तेव्हा क्षमता पार उतरलेली. तेवढ्याच क्षमतेचा, १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारा नवा आणला आणि त्याच्यावरच्या पट्टीची बाजू ऋणाकडे ठेवून डाग दिला. (तू शिकवलेला हात अजून आहे बरं का!) दुसऱ्या गाडीचं जुनं मीटर मिळत होतं, पण एकूण किलोमीटरचा आकडा मीटरच्याच मेमरीत असतो, त्या गाडीचा आकडा माझ्या गाडीत आला असता. शक्य तोवर आपलाच बोर्ड दुरुस्त करावा.

आणि काळजी करू नकोस, नारिंगी वायरींना बोट लावलं नाही. त्या मोठ्या बॅटरीच्या. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढला तरी मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधला विजेचा साठा उतरायला निदान १० मिनिटं द्यावी लागतात, शिवाय इन्सुलेटेड हातमोजे हवेत. ते काम शिकलेल्या माणसाचं.

आता मधल्या टचस्क्रीनचा डावा कोपरा बोटाला दाद देत नाही, बाकी सगळी चालते. रिबन केबल सैल असेल की वरची काचच गेली? उघडायच्या आधी तुझा अंदाज कळव. आई-बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण.

तुझी,
धाकटी