सोमवारी रिकामी राहणारी खोली आणि 'रेट पॅरिटी'

प्रति,
माननीय केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरचा लॉजवाला अशा रात्री फोनवरच्या पाहुण्याला दोनशे रुपये खुशाल सोडेल. पण 'आमच्या ॲपपेक्षा कमी दर कुठेही लावायचा नाही' ही 'रेट पॅरिटी'ची अट बुकिंग कंपनीच्या करारात असली, की खोली रिकामीच राहते.

हिशेब मांडतो. भाडे 2,000 रुपये, कमिशन समजा 20 टक्के, म्हणजे 400. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 72. हॉटेलच्या हाती 1,528. हे 72 परतही मिळत नाहीत, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर कर 5 टक्के झाला, तो इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या कराची वजावट, काढून घेऊन. (कर उतरल्याच्या जाहिरातींत ही ओळ सापडत नाही.) तीच खोली थेट 1,800 ला गेली, तर पाहुण्याचे 200 वाचतात आणि हॉटेलला 272 जास्त मिळतात.

खरी मेख पुढे आहे. उद्या कुणी 10 टक्के कमिशनचे ॲप काढले, तर तिथे 1,780 दर लावूनही हॉटेलला सुमारे 1,570 सुटतील. पण कमी दर दाखवायचीच मनाई असेल, तर पाहुणा त्या ॲपकडे वळेल कशाला? मग जुन्या कंपनीला तरी कमिशन उतरवायची काय गरज?

स्पर्धा आयोगाला हे ठाऊक आहे. मेकमायट्रिप-गोआयबीबो या बुकिंग कंपनीच्या चौकशीचा आदेश 2019 चा, 223.48 कोटींचा दंड आणि करारातून अट काढण्याचा आदेश आला ऑक्टोबर 2022 मध्ये. तीन वर्षे. इथला हंगाम दिवाळीनंतरच्या चार महिन्यांचा.

म्हणूनच आधीच मनाई करणारा कायदा हवा. मार्च 2024 च्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात, कायदा कोणत्या बड्या कंपन्यांना लागू होईल यासाठी, देशातील 4,000 कोटींची उलाढाल, 1 कोटी ग्राहक असे निकष आहेत. त्यात 'रेट पॅरिटी' नावानिशी निषिद्ध करा, आणि ती अर्धवट नको. दुसऱ्या ॲपवर कमी दर लावण्याची मुभा दिली, पण हॉटेलची स्वतःची वेबसाइट, फोन आणि काउंटर बांधून ठेवले, तर लहान लॉजच्या पदरात फारसे काही पडत नाही. युरोपीय संघाच्या 2022 च्या कायद्याने बड्या कंपन्यांना दोन्ही प्रकार बंद केले आहेत.

करारातली ओळ खोडल्यावरही एक वाट उरते : कमी दर बाहेर दिसला की हॉटेल यादीत खाली ढकलायचे. लॉजवाल्याकडे स्क्रीनशॉटपलीकडे पुरावा नसतो. क्रम कधी आणि का बदलला, याची नोंद कंपनीच्याच सर्व्हरवर असते. ती नोंद किमान तीन वर्षे जपणे आणि तक्रार होताच आयोगापुढे ठेवणे कंपनीवर बंधनकारक करा. स्पर्धा कायद्याच्या कलम 33 खाली आयोगाला अंतरिम आदेश आजही देता येतो. असा आदेश मागणाऱ्या अर्जाच्या निकालाला 60 दिवसांची मुदत घाला.

आपले,
मराठवाड्यातील डिजिटल बाजारपेठेचे अभ्यासक