यंदा खोकी थांबता कामा नयेत : मंडळाच्या धान्य उपक्रमासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपती नुकतेच पार पडले, दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकीटविक्री सुरू आहे आणि त्यातच मी हे पत्र घेऊन येतो आहे, याची मला कल्पना आहे. काल रात्री कार्यकारिणीची बैठक साडेअकराला संपली. विषय एकच होता, धान्याच्या खोक्यांचा उपक्रम यंदा करायचा की बंद करायचा. बंद करायचा नाही असं ठरलं. पण तो पार कसा पडणार याचं उत्तर कार्यकारिणीकडे नाही, ते तुमच्याकडे आहे.

जे ओहायोत, कोलंबसला नव्याने आले आहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी आपण तांदूळ, तूरडाळ, पोहे, तेल, चहा, साखर अशी खोकी बांधून शहरातल्या फूड पँट्रींना, म्हणजे गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या केंद्रांना, पोचवतो. ही कल्पना आपल्या डब्लिन उपनगरातल्या काकांची. काका तेव्हा नेशनवाइड या विमा कंपनीत नोकरीला होते. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कंपनीच्या पगारावर पेटली आहे. ही कंपनी मुळात शेतकऱ्यांची सहकारी विमा संस्था होती, हे कळल्यावर काकांनी तिच्या संस्थापकाविषयी मिळेल ते वाचून काढलं आणि मंडळाच्या सभेत तासभर उभं राहून सांगितलं. ज्यांनी तो तास ऐकला ते अजून विसरलेले नाहीत. काका आता इथे नाहीत, म्हणून मी माझ्या परीने सांगतो.

हे संस्थापक म्हणजे मरे लिंकन. त्यांचा जन्म १८९२ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या रेनहॅमचा. शेतीवर वाढलेला मुलगा शेतकी महाविद्यालयात शिकला, काही वर्षं शेतकऱ्यांचा सल्लागार म्हणून बांधाबांधाने हिंडला आणि १९२० मध्ये ओहायो फार्म ब्युरोचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या राज्य संघाचा, कार्यवाह झाला. त्या खुर्चीवर ते २८ वर्षं होते. मी आपल्या मंडळाचा कार्यवाह म्हणून चौथं वर्ष काढतो आहे आणि दमलो आहे. त्यामुळे २८ हा आकडा वाचला की मी मनातल्या मनात हात जोडतो.

त्यांचं काम एका ओळीत सांगायचं तर, शेतकऱ्याला जे महाग पडतं किंवा मिळतच नाही ते त्यांनी शेतकऱ्यांकडूनच उभं करून घेतलं. खत, बियाणं, पशुखाद्य एकत्र खरेदी करण्यापासून सुरुवात झाली. मग मोटारीचा विमा. शेतकऱ्याची गाडी शहरातल्या गाडीपेक्षा कमी फिरे, कमी धडके, पण हप्ता मात्र शहराच्या दराने भरावा लागे. तेव्हा आपलीच कंपनी काढायची ठरली. त्यासाठी आधी १०० विमेदार दाखवणं भाग होतं. ते मिळाले आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झालं. १९५५ मध्ये तिचंच नाव नेशनवाइड झालं. कोलंबसच्या पश्चिमेला जे लिंकन व्हिलेज आहे, तेही यांच्याच नावाचं. अनेकांना ते अब्राहम लिंकनचं वाटतं, मलाही वाटायचं.

विजेची गोष्ट तर आपल्या मुलांना सांगायलाच हवी. १९३५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. लांब लांब विखुरलेल्या घरांपर्यंत तार ओढणं वीज कंपन्यांना परवडत नव्हतं. मग सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनीच सहकारी वीज संस्था काढल्या आणि ओहायोत त्यामागे लिंकन व त्यांचा संघ उभा राहिला. सहकारी वीज संस्थेचा देशातला पहिला खांब १४ नोव्हेंबर १९३५ रोजी पिक्वाजवळ रोवला गेला. पिक्वा आपल्यापासून गाडीने दीड तासाच्या आत आहे. माझे आजोबा सांगली जिल्ह्यात सोसायटीचे सभासद होते. गावात वीज आली त्या संध्याकाळी आजी दिव्याखाली नुसती बसून राहिली होती, असं वडील सांगत. पिक्वाचा खांब वाचला तेव्हा मला आजीच दिसली.

१९३६ पासून संघाने शेजारमंडळं सुरू केली. दहा-बारा घरांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रश्न बोलायचे आणि ठरलेलं वर कळवायचं. आपल्या भिशीसारखंच म्हणा, फक्त पैशांच्या जागी विचार. आपण डब्लिन, पॉवेल, हिलियर्ड, वेस्टरव्हिल असे गावोगावचे गट केले ते काकांनी यावरूनच सुचवले होते.

आणि खोकं? तेही लिंकन यांच्याकडूनच आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उपाशी होता. २७ नोव्हेंबर १९४५ रोजी २२ संस्थांनी मिळून ‘केअर’ ही मदतसंस्था स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष मरे लिंकन. १९५७ पर्यंत ते त्या पदावर होते. १० डॉलर भरले की एक खोकं तिकडच्या घरी पोचायचं. सुरुवातीची खोकी म्हणजे सैन्यासाठी बांधून ठेवलेली, दहा जणांना एक दिवस पुरेल अशी शिधापाकिटं. ११ मे १९४६ ला पहिली खेप फ्रान्समधल्या ल हाव्रला लागली. पुढे केअरचं अन्न भारतातल्या शाळांतही वाटलं जाऊ लागलं. काकांचं बोलणं संपल्यावर वेस्टरव्हिलच्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “अहो, मी त्या भुकटीचं दूध प्यायलेय. शाळेत पितळी पेला घरून न्यावा लागायचा.” त्या एका वाक्यावर उपक्रम ठरला. लिंकन १९४१ ते १९६५ ज्या अमेरिकी सहकारी महासंघाचे अध्यक्ष होते, त्याच चळवळीच्या मदतीने १९६७ मध्ये आपली ‘इफ्को’ ही खतांची सहकारी संस्था उभी राहिली, हेही त्याच सभेत कळलं. आपल्या गावाकडच्या शेतात पडलेल्या खताच्या पोत्याचा धागा इथे ओहायोत निघतो, याचा मला अभिमान वाटतो.

ज्यांनी हे आजवर चालवलं त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काकांनी अकरा वर्षं स्वतःचं गॅरेज दिलं. ऑक्टोबरच्या मध्यापासून त्यांच्या दोन्ही गाड्या बाहेर थंडीत उभ्या असत आणि आत आपली पोती. काकू सकाळी गाडीवरचं बर्फ खरवडायच्या, पण कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पॉवेलच्या डॉक्टर दांपत्याने सलग पाच वर्षं तेलाचा सगळा खर्च उचलला आणि नाव लावू नका म्हणून बजावलं. हिलियर्डला मुलीकडे आलेल्या एक आजी तर सहा महिन्यांच्या व्हिसातले तीन शनिवार आपल्याकडे देऊन गेल्या. डाळीच्या पिशवीला त्या अशी गाठ मारत की एका टोकाला ओढलं की सुटावी. ती गाठ त्यांनी शाळेतल्या मुलांना शिकवली, आज आपली मुलं तशीच बांधतात. एका पँट्रीतून कळलं की तूरडाळ कशी शिजवायची हे लोकांना माहीत नसतं आणि पिशव्या तशाच राहतात. तेव्हापासून आपल्या रविवारच्या शाळेतली मुलं प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत कृती लिहून चिकटवतात, खाली मराठीत ‘डाळ’ असं मोठ्या अक्षरात. तिथल्या बाई सांगतात की आता डाळ आधी संपते.

आता जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलतो. मागच्या वर्षी खोकी भरायच्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही सहाजण होतो. सहा. गणपतीच्या महाप्रसादाला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आठवणीचे संदेश तीन वेळा गेले. बऱ्याच जणांनी होकाराचा अंगठा पाठवला आणि आले नाहीत. दुपारी चारपर्यंत आम्ही खोकी उचलत होतो, शेवटची बारा खोकी ट्रकमध्ये चढवताना काकांची पाठ धरली. ते काही म्हणाले नाहीत. मला मात्र अजून वाईट वाटतं. उन्हाळ्यात काका-काकू मुलाकडे सिएटलला कायमचे गेले. जाताना गॅरेजची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, “नवीन मालक येईपर्यंत वापर.” नवीन मालक ऑगस्टमध्ये आले.

म्हणजे यंदा जागा नाही, ट्रक चालवणारं माणूस नाही आणि थंडी नेहमीसारखी येणार आहे. पँट्रीतून दोनदा विचारणा झाली की तुमची खोकी धरायची का. मी हो म्हणालो आहे. कार्यकारिणीला विचारायच्या आधीच म्हणालो, हे इथे कबूल करतो.

गरज अशी: १२० खोकी, प्रत्येकी ३० डॉलर, म्हणजे ३,६०० डॉलर; दोन महिन्यांच्या स्टोरेजचं भाडं ४०० डॉलर; ट्रक, पुठ्ठ्याची खोकी, टेप वगैरे ५०० डॉलर; एकूण ४,५०० डॉलर. एका घराने एक खोकं उचललं तरी पुरे, दोन घरांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. पैसे १५ ऑक्टोबरपर्यंत खजिनदारांकडे मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर, सोबत ‘खोकं’ असा उल्लेख करावा, पावती मिळेल. तुमची कंपनी मॅचिंग, म्हणजे तुमच्या देणगीला जोड, देत असेल तर अर्ज आजच भरा, त्याला वेळ लागतो. धान्य द्यायचं असेल तर बंद पाकीटच, मुदत पुढच्या जूनपर्यंतची, घरचं लोणचं कृपया नको (काचेची बरणी फुटून एकदा आठ खोकी वाया गेली). भरणी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सकाळी आठला, जागा स्टोरेज ठरलं की गटावर कळवतो. मुलांना आणा, कृतीच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडेच आहेत. मोठा ट्रक चालवायचा अनुभव असणाऱ्या दोघांनी मला या आठवड्यात फोन करावा, रात्री दहानंतर केला तरी चालेल. ज्यांच्याकडे हातगाडी किंवा ताडपत्री आहे त्यांनी ती घेऊन यावी. काकांची ताडपत्री सामानाबरोबर गेली.

आपला,
कार्यवाह