जहाज पळवायचे आणि मग नांगर टाकून थांबायचे?

महोदय,
जहाजांच्या कार्बन उत्सर्जनाची चर्चा लगेच हायड्रोजन-अमोनिया या नव्या इंधनांकडे वळते. आज पाण्यावर असलेल्या ताफ्याचे काय करायचे ते बाजूला राहते. त्याचा वेग कमी करणे हा एक उपाय आहे. इंजिनाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १४ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १२.६ वर आणला तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबतो हे धरूनही मुख्य इंजिनाचे इंधन १९ टक्के वाचते, आणि वाचलेल्या जड तेलाच्या (जहाजी इंधनाच्या) प्रत्येक टनामागे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड टळतो.

घोडे अडते ते जहाजमालक आणि जहाज भाड्याने घेणारा यांच्यातल्या भाडेकरारात. ‘शक्य तितक्या लवकर पोहोचा’ असे कलम असले की कप्तानाला जहाज पळवावे लागते, आणि धक्का रिकामा नसल्याने बंदराबाहेर जनित्रे चालू ठेवून ताटकळावे लागते. धक्क्याच्या वेळेप्रमाणे वेग ठरवण्याची मुभा आणि त्यातून वाचलेल्या पैशांची वाटणी करारातच लिहायला हवी.

एक सावधगिरी मात्र हवी. इंजिन सतत कमी भारावर चालले की एक्झॉस्ट बॉयलरच्या (इंजिनाच्या धुरातल्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरच्या) नळ्यांवर तेलकट काजळी बसते. ती वेळेवर धुतली नाही तर पेट घेऊ शकते. जहाजाच्या बुडावर साचणारा, पाण्याचा अडथळा वाढवणारा बुळबुळीत थरही वेळीच काढावा. शिंपले चिकटेपर्यंत थांबले तर खरवडताना रंगच निघतो.