खड्डे तेवढेच, मांडणी वेगळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रयोगशाळेत हाड तयार करण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मूळपेशी (ज्यांच्यापासून हाड, चरबी अशा वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) कुठून घ्यायच्या, कोणती रसायनं घालायची, पेशींना आधार देणारा सांगाडा कोणत्या मालाचा करायचा, हे सगळं त्यात होतं. पण ज्या पृष्ठभागावर या पेशी बसणार, त्याच्या घडणीबद्दल 'खडबडीत पृष्ठभागावर पेशी चांगल्या धरतात' एवढाच शेरा मारून लेखक मोकळे झाले. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाच्या सुट्या भागांचं इन्स्पेक्शन करण्यात उभी हयात घालवली. डॉक्टर नाही, जीवशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. पण फिनिश, म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत वा खडबडीत उतरलाय, हा माझा प्रांत आहे, आणि या विषयात फिनिशवर किती अडतं हे वाचकांना कळायला हवं.

ग्लासगो विद्यापीठातल्या मॅथ्यू डाल्बी आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्लॅस्टिकवर बारीक खड्डे पाडले: 120 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) रुंद, 100 नॅनोमीटर खोल, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सरासरी 300. पाडायची रीत आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल अशी. इलेक्ट्रॉनच्या झोताने मूळ नक्षी कोरायची, तिच्यावरून निकेलची डाय करायची आणि गरम प्लॅस्टिकवर ठसा मारायचा. एका तुकड्यावर खड्डे काटकोनात, ओळीत बसवलेले. दुसऱ्यावर मांडणी तीच, फक्त प्रत्येक खड्डा आपल्या जागेवरून 50 नॅनोमीटरपर्यंत इकडेतिकडे सरकवलेला. माल तोच, खड्डे तेवढेच, खोलीही तेवढीच. वर माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी सोडल्या आणि हाड बनवायला लावणारं कुठलंही औषध घातलं नाही. शिस्तीत बसलेल्या खड्ड्यांवर हाडाच्या नावाने शिमगा. जरा सरकवलेल्या खड्ड्यांवर मात्र पेशी हाडाची प्रथिनं आणि खनिज तयार करू लागल्या! मांडणी पार विस्कटून टाकली तेव्हा पुन्हा ते साधलं नाही. पुढे 2011 साली याच मंडळींनी दाखवलं, की काटेकोर ओळीतल्या खड्ड्यांवर मूळपेशी 8 आठवड्यांपर्यंत मूळपेशीच राहतात. म्हणजे तोही पृष्ठभाग वाया नाही, काम वेगळं एवढंच.

आता इन्स्पेक्टरच्या नजरेने बघा. आर-ए म्हणजे पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी. वरच्या दोन्ही तुकड्यांचा आर-ए काढला तर तो सारखाच निघणार, कारण सरासरीला खड्डा किती खोल एवढंच कळतं, तो कुठे आहे हे कळत नाही. त्यातून आमच्या रफनेस टेस्टरच्या हिऱ्याच्या टोकाची त्रिज्याच 2 किंवा 5 मायक्रॉन, म्हणजे 2,000 किंवा 5,000 नॅनोमीटर. ते टोक 120 नॅनोमीटरच्या खड्ड्यात उतरणारच नाही, वरून सरळ निघून जाईल. जॉब 'ओके' म्हणून पास. आकडा फसवतो हे आम्हाला नवीन नाही. लायनरच्या, म्हणजे इंजिनात पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या, बोअरला 0.8 मायक्रॉन आर-ए लेथवरही काढता येतो आणि होनिंगनेही, म्हणजे घासणीच्या दगडांनी आतून घासून. पण लेथच्या खुणा एका दिशेने जातात, होनिंगच्या रेघा एकमेकींना छेदतात आणि तेल धरून ठेवतात. रिपोर्टवर दोन्ही सारखे. लेथवाला लायनर बसवलेलं इंजिन थोड्याच दिवसांत धूर ओकू लागतं.

पेशीला हा फरक कळतो तो तिच्या पकडीमुळे. इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांचे झुबके करून ती पृष्ठभागाला धरते. खालचा आकार असा असेल की हे झुबके लांब, भक्कम होतील, तर पेशीच्या आतल्या तंतूंवर ताण येतो, ती पसरते आणि हाडाच्या वाटेला लागते. पकड जमली नाही तर ताणही नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या 2004 च्या प्रयोगात मिळतो. त्यात एकेका पेशीला चिकटायला मोजूनमापून जागा दिली होती, कुणाला 1,024 चौरस मायक्रॉन, कुणाला 10,000. द्रावण एकच, चरबी आणि हाड दोन्हींना पोषक. आखडून बसावं लागलेल्या पेशी चरबीकडे गेल्या, ऐसपैस पसरलेल्या हाडाकडे.

मोठ्या मापातही आकार बोलतोच. पोट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2008 साली त्रिकोणी, चौकोनी अशा वेगवेगळ्या आकारांच्या भोकांत उंदराच्या हाडपेशी वाढवल्या. ऊतक आधी कोपऱ्यांत भरलं आणि भोक आतून गोल होत गेलं. आपल्या शरीरातही जुनं हाड खाणाऱ्या पेशी अंतर्वक्र खळगा करून ठेवतात आणि हाड भरणाऱ्या पेशी तो भरून काढतात. सांगाड्याला भोकं पाडली की झालं, असं समजणाऱ्यांनी भोकाचा आकारही ड्रॉइंगवर टाकायला हवा.

सगळं ठरलंय असंही नाही. टायटॅनियमवर वाढवलेल्या नॅनोनळ्यांचंच, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाच्या बारीक नळ्यांचंच बघा. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने 2007 साली 15 नॅनोमीटर व्यासाची नळी सर्वांत चांगली म्हटलं, तर सॅन दिएगोच्या गटाने 2009 मध्ये 70 ते 100 नॅनोमीटरच्या नळ्यांवर पेशी लांबट होऊन हाडाकडे वळतात असं सांगितलं. दोन्ही निकाल छापून आलेले, तज्ज्ञांनी तपासलेले. माझ्या मते यातला एकच घेऊन 'यशस्वी' असा मथळा देणं ही वाचकांची दिशाभूल आहे.

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला दातासाठी टायटॅनियमचे स्क्रू बसवले ते चक्क लेथवर टर्निंग केलेले होते, आणि ते टिकले. आज बरेचसे इम्प्लांट सँडब्लास्ट करून वर आम्लाने कुरतडलेले असतात, रफनेस साधारण 1 ते 2 मायक्रॉन, कारण त्यावर हाड लवकर धरतं. फार खडबडीत केलं तर जंतूही धरतात. आमच्या सौभाग्यवतींना दात बसवायचा होता तेव्हा मी दंतवैद्यांना विचारलं, फिनिश काय आहे? "काका, रफ आहे, हाड पकडतं." आर-ए विचारला तर हसले. डबीवर लांबी होती, व्यास होता, लॉट नंबर होता. पृष्ठभागाबद्दल दोन इंग्रजी अक्षरं आणि कंपनीचं बोधचिन्ह. अर्थात कुणी आकडा छापला असता तरी तो पुरला नसता, हे वर सांगितलंच.

म्हणून विनंती, की अशा बातमीत पृष्ठभागाचं माप आणि मांडणी द्या, आणि पेशी उंदराच्या होत्या की माणसाच्या, काम प्रयोगशाळेतल्या बशीत झालं की जिवंत शरीरात, हेही लिहा. आणखी एक. त्याच पुरवणीत गुडघ्यात 'स्टेम सेल' टोचून देणाऱ्या दवाखान्याची पाव पान जाहिरात होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं तेव्हा संशोधनात मोडत होतं, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. लेख छापणाऱ्या खात्याने जाहिरात घेणाऱ्या खात्याला हे कळवलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, कोल्हापूर